नानायची कॅसेट

नकाशात हाँगकाँगपासून फिलिपिन्स बोटभर अंतरावर आहे. ते बोट आमच्या शशिधरचं होतं, आणि शशिधरचं बोट चांगलंच जाड आहे, हे मी तेव्हाच लक्षात घ्यायला हवं होतं.

१९८९ सालची गोष्ट. आमचा मुलगा राजीव तेव्हा हाँगकाँगला बँकेत होता आणि जुलैत त्याच्याकडे जायचं मी आणि बायकोनं, वैजयंतीनं, ठरवलं होतं. वैजयंती वॉटफर्डजवळच्या एका हॉस्पिटलात डॉक्टर. मी लंडनच्या हॅरो भागातल्या शाळेत सव्वीस वर्षं गणित शिकवून नुकताच रिटायर झालेला. रिटायर माणसाला घरात दोनच कामं मिळतात, गुरुवारी कचऱ्याचा बिन बाहेर ठेवणं आणि रोज सल्ले ऐकणं. म्हणून मी तिसरं काढलं होतं. दर रविवारी चर्चच्या हॉलमध्ये मराठी मुलांचा वर्ग. चौदा मुलं, एक फळा, आणि कधीही बंद न होणारा एक रेडिएटर.

त्या वर्गात जूनमध्ये भाताचा धडा निघाला. मी विचारलं, भात कुठून येतो? नऊ वर्षांची मंजिरी म्हणाली, "बासमतीच्या गोणीतून. आणि गोणी साउथॉलच्या दुकानातून." उत्तर चूक नव्हतं. तरी मी फळ्यावर बांध काढले, पाणी काढलं, वाकलेली माणसं काढली आणि लावणीचं वर्णन इतकं रंगवलं की रेडिएटरजवळची मुलंसुद्धा जागी झाली.

मंजिरीनं हात वर केला. "काका, तू स्वतः केलं हे? लाइक, फॉर रिअल?"

आता सत्य असं आहे की माझं बालपण दादरला तिसऱ्या मजल्यावर गेलं. शेतीशी संबंध म्हणजे गॅलरीतली तुळस, आणि तिला पाणीसुद्धा बहीण घालायची. पण चौदा मुलं आशेनं बघत होती.

"म्हणजे काय," मी म्हणालो. "आमचं मूळ गाव कोकणात."

दुसरं वाक्य खरं होतं. शिक्षकानं खोटं बोलायचं ठरवलं की तो असंच एक खरं वाक्य शेजारी उभं करतो.

त्याच आठवड्यात वैजयंतीनं वॉर्डमध्ये रजेचं सांगितलं आणि सिस्टर रेमेडियोस, म्हणजे सगळ्यांची रेमी, संध्याकाळी आमच्या दारात उभी राहिली. रेमी फिलिपिन्सची. इंग्लंडला येऊन तिला नऊ वर्षं झाली होती आणि त्या नऊ वर्षांत ती एकदाही घरी गेली नव्हती. दर वर्षी तिकिटाच्या आधी काहीतरी दुसरंच पुढे यायचं. धाकट्या भावाचं कॉलेज, मग बहिणीचं लग्न, मग वादळात उडालेलं छप्पर. गावात फोन नाही. आईला लिहिता येत नाही. आईनं एकदा एक कॅसेट बोलून पाठवली होती, ती रेमीनं इतक्या वेळा ऐकली की टेप मशिनमध्ये गुरफटून तुटली. त्यालाही चार वर्षं झाली होती.

"तुम्ही हाँगकाँगला चाललाय," ती मला म्हणाली. मला ती 'टीचर' म्हणायची. "टीचर, तिथून मनिला जवळ आहे."

शशिधर तेव्हा आमच्याकडे चहाला बसला होता. तो दोन घरं सोडून राहतो आणि त्याला विचारावं लागत नाही. त्यानं अ‍ॅटलास उघडला आणि बोट ठेवलं. "बोटभर तर आहे, श्रीकांत. जाऊन ये की."

"मला फक्त आईचा आवाज हवाय," रेमी म्हणाली. "एक कॅसेट. आणि जाताना एक लहानसं खोकं न्याल का?"

लहानसं खोकं पुढच्या शनिवारी आलं. ते आमच्या पुढच्या दारातून आत येईना, म्हणून बागेकडून आणलं. आत साबण, टॉवेल, चॉकलेटं, डबाबंद मांसाचे चौदा डबे, एक भिंतीवरचं घड्याळ आणि तळाशी इस्त्री. शशिधरनं खोक्याला प्रदक्षिणा घातली आणि दोरी कशी बांधावी ते सांगितलं. शेजारच्या मिसेस पेनफोल्डनी त्यांच्या दिवंगत यजमानांची ब्रह्मदेशातल्या लढाईच्या वेळची मच्छरदाणी दिली. तिला एक भोक होतं, त्यातून डोकं बाहेर काढता आलं असतं. नाही म्हणणं अशक्य होतं, कारण त्यांनी ती धुऊन, इस्त्री करून आणली होती.

प्रवासाचं सविस्तर सांगत नाही. मनिलाच्या कस्टम्समध्ये एका अतिशय सभ्य अधिकाऱ्यानं माझा पासपोर्ट पाहिला, मग मला पाहिलं, मग खोक्याला पाहिलं. चेहऱ्यानं भारतीय, पासपोर्टनं ब्रिटिश, आणि सामानानं फिलिपिनो. त्यानं तीन वेळा विचारलं, "ही इस्त्री तुमची?" तिसऱ्यांदा मला स्वतःलाच शंका आली. मग पाच तास बस, मग रंगीबेरंगी जीप, आणि शेवटी मोटरसायकलला जोडलेली एक बैठक. तिच्यात वैजयंती आणि खोकं बसलं, आणि मी मागे उभा राहून चाळीस मिनिटं लोकांचे नमस्कार स्वीकारत गेलो. 'बोटभर,' वैजयंती मध्येच म्हणाली. 

गावाचं नाव सान इसिद्रो. हिरवं, सपाट, पाण्यानं भरलेलं. खांबांवर उभी असलेली बांबूची घरं, खाली कोंबड्या, आणि चिखलात नाकापर्यंत बुडून समाधानानं बघणारे रेडे. रेमीची आई पायरीवर उभी होती. तिला सगळं गाव नानाय पुरिंग म्हणायचं. नानाय म्हणजे आई. सत्तरीची, काटकुळी, ताठ. तिनं मला नखशिखांत बघितलं आणि काहीतरी म्हटलं. रेमीची चुलत बहीण चारिंग गावच्या शाळेत शिक्षिका होती आणि तिला चांगलं इंग्रजी येत होतं. तिनं भाषांतर केलं. "नानाय म्हणतात, तुम्ही थकलात. जेवा."

जेवण्यावरून माझी पहिली फजिती झाली. त्या गावात रस्त्यानं जाणाऱ्याला प्रत्येक घरातून 'या, जेवायला या' अशी हाक येते. आता मी सत्तावीस-अठ्ठावीस वर्षं इंग्लंडात काढलेली. तिथे कोणी चहाला बोलावलं तर आधी डायरी निघते आणि सहा आठवड्यांनंतरची तारीख ठरते. त्यामुळे कोणी बोलावलं की ते खरंच बोलावतात, ही माझी पक्की समजूत. मी दुसऱ्या दिवशी सकाळी फिरायला निघालो आणि तीन घरी जेवून आलो. भात, सुकी मासळी, पुन्हा भात, पुन्हा मासळी. चौथ्या घरी वैजयंतीनं मला गाठलं.

"अहो, ते म्हणायचं म्हणून म्हणतात. आपल्याकडे दारावरून जाणाऱ्याला 'या बसा' नाही का म्हणत? बसतं का कोणी?"

चौथ्या घरची बाई तोवर पान वाढत होती. मी बसलो. आता उठणं वाईट दिसलं असतं.

चारिंगच्या शाळेतही तेच. तीस मुलं ओळीनं आली आणि एकेकानं माझा हात धरला. मी प्रत्येकाशी कडक इंग्रजी हस्तांदोलन केलं आणि 'हाउ डू यू डू' म्हणालो. मुलं गोंधळली. मग चारिंगनं हळूच सांगितलं, वडीलधाऱ्याचा हात ती कपाळाला लावतात. मला फारच ओशाळल्यासारखं झालं. हॅरोत मला वाकून नमस्कार करणारं मूल शेवटचं कधी भेटलं ते आठवत नव्हतं, आणि इथे तीस भेटली तर मी त्यांचे हात गदागदा हलवून परत पाठवले. मी म्हटलं, पुन्हा येऊ दे. मुलं पुन्हा आली. तीस लहान कपाळं, काही घामेजलेली, एकाला नुकताच चिखल लागलेला. तो चिखल मी बराच वेळ पुसला नाही.

आता कॅसेट. मी रेमीसाठी साठ मिनिटांची एक कोरी कॅसेट नेली होती, माझ्यासाठी एक, आणि गळ्यात अडकवायचा लहान टेपरेकॉर्डर. दुसऱ्या दिवशी दुपारी नानायच्या घरी माणसं जमली. नानायनं कडक कांजीची पांढरी चोळी घातली होती आणि केस तेल लावून मागे बांधले होते. पण ती स्वतः बोलायला बसेना. घरची यजमानीण ना, आधी पाहुण्यांना वाढायचं. म्हणून आधी गावचा कप्तान, म्हणजे आपला सरपंच, बोलला, मग पाद्री, मग काका, मावश्या, आणि मग एक शेजारीण, जिला सात नंबरचे बूट हवे होते. आम्ही आदरानं बाहेर पायरीवर बसून ते ऐकत होतो. अर्ध्या तासानं वैजयंतीला आणि मला कोणीतरी नव्यानं जन्मलेलं रेडकू दाखवायला नेलं. आम्ही परतलो तेव्हा सगळं आटोपलं होतं. चारिंगनं, शिक्षिकाच ती, टेप पहिल्यापर्यंत नीट गुंडाळून, डबीवर लिहून, माझ्या हातात दिली.

तिसऱ्या दिवशी नानायच्या शेतात लावणी होती. आपल्याकडे सावड असते तशीच ती होती. आज हिच्या शेतात सगळ्यांनी, उद्या सगळ्यांनी तिच्या. बांधावर एक म्हातारा गिटार घेऊन बसतो आणि त्याच्या तालावर बायाबाप्ये ओळीनं रोपं लावतात. ते ऐकून माझ्यातला शिक्षक उसळला. हे गाणं माझ्या चौदा मुलांनी ऐकलंच पाहिजे. पण माझी कॅसेट संपलेली. ती मी पहिल्याच सकाळी कोंबड्यावर खर्च केली होती. मुलांना कोंबडा ऐकवू म्हणून लावली आणि बंद करायला विसरलो. दुसऱ्या बाजूचंही तेच झालं; साठ मिनिटं कोंबडा, आणि तो पुसवेना.

रेमीच्या कॅसेटची दुसरी बाजू मात्र कोरीच असणार. सगळे नातेवाईक अर्ध्या तासात बोलले, मी ऐकलं होतं; नानायही शेवटी तिथेच दोन शब्द बोलली असेल, असं मी धरलं. आणि कोरी बाजू तशीच जाऊ देणं हे आमच्या घराण्यात बसत नाही. माझे वडील पाकिटं उलटी करून पुन्हा वापरत. मी टेप शेवटपर्यंत पळवली, उलटी केली, दोन्ही बटणं दाबली आणि रेकॉर्डर वैजयंतीच्या गळ्यात अडकवला. डबीवर चारिंगनं काय लिहिलंय ते पाहिलं असतं, पण चष्मा चिखलात पडू नये म्हणून घरी ठेवला होता. इतका मी दूरदर्शी.

नानायनं मला बोलावून ओळीत उभं केलं, तिच्या आणि बुटांवाल्या शेजारणीच्या मधे. तिथे एक माणूसभर जागा होती. मला वाटलं, पाहुण्यासाठी केली असेल.

गिटार सुरू झाली. मी रोपांची मूठ घेतली, वाकलो, आणि मंजिरीला आठवून आत्मविश्वासानं लावत पुढे निघालो.

पुढे. लावणी मागे सरकत करतात हे मला कोणी सांगितलं नव्हतं, आणि मूळ गाव कोकणात असल्यानं मी कोणाला विचारलंही नव्हतं. ओळ मागे गेली, मी एकटा पुढे. जे लावत होतो ते तुडवत होतो. गिटार थांबली. मी वळून पाहायला गेलो, उजवा पाय वळला, डावा राहिला, आणि मी अत्यंत सावकाश, ज्याला थांबवायला भरपूर वेळ होता अशा गतीनं, चिखलात बसलो. बसताना तीन रोपं हातात होती. ती मी सोडली नाहीत, हे माझ्या बाजूनं कोणी सांगत नाही.

आणि नानाय हसली. ही ताठ, कांजी लावल्यासारखी बाई कमरेवर हात ठेवून, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसली. मग माझं मनगट धरून मला उठवलं आणि शिकवायला लागली. तीन रोपं एकदम, बोटभर खोल, मग एक पाऊल मागे. इसा, दालावा, तात्लो. मी म्हणालो, एक, दोन, तीन. तिनं तेही घोकलं. मी आयुष्यभर मुलांना शिकवलं, पण चुकणाऱ्या माणसाला इतक्या आनंदानं शिकवणारं कोणी पाहिलं नव्हतं. ती सारखी काहीतरी बोलत होती आणि ओळ हसत होती. काय ते कळत नव्हतं म्हणून मीही हसत होतो.

निघताना मी तिचा हात कपाळाला लावला. तिनं माझ्या डोक्यावर टपली मारली.

हॅरोला परतल्यावर, रेमी रविवारी येणार म्हणून, शनिवारी मी गाणं वर्गासाठी उतरवून घ्यायला कॅसेट काढली. चष्मा लावला. डबीवर चारिंगच्या वळणदार अक्षरात लिहिलं होतं. पहिली बाजू, सर्वजण. दुसरी बाजू, नानाय.

मी ते तीनदा वाचलं. मग दुसरी बाजू लावली. गिटार. मी पळवली. चिखल. आणखी पळवली. इसा, दालावा. शेवटपर्यंत पळवली. शेवटी वैजयंतीचा आवाज, 'अहो, पॅन्ट बघा', आणि खट्. नानाय बोलली होती ते सगळं मी गाण्याखाली गाडून टाकलं होतं.

वैजयंती स्वयंपाकघरातून आली. तिला एका नजरेत कळलं. ती खुर्चीवर बसली.

"चार वर्षं थांबलीय ती," ती म्हणाली. एवढंच. ती ओरडली असती तर बरं झालं असतं.

शशिधर सल्ल्यासह हजर झाला. "सांग, कस्टम्सनं ठेवून घेतली."

"मी खोटं बोलणार नाही."

"मग सांग, दमट हवेनं खराब झाली."

"तेही खोटंच आहे."

"श्रीकांत, तुला मदत करणं कठीण आहे," शशिधर म्हणाला आणि बिस्किट घेतलं. मग गंभीरपणे म्हणाला, "निदान तो पडल्याचा भाग पुसून टाक. ती नर्स आहे, सगळ्या हॉस्पिटलला ऐकवेल."

मला कबूल करायला हवं की मी त्या बटणाकडे पाहिलं. बोट ठेवलंसुद्धा. रेमीच्या आईचा आवाज मी घालवलाच होता; आता निदान माझी अब्रू वाचत होती, आणि वर्गात भातलावणीचा तज्ज्ञ म्हणून राहताही आलं असतं. मग वाटलं, त्या टेपवर तिची आई निदान कुठेतरी हसतेय. मी बोट काढलं.

रविवारी रेमी आली. केस नीट बांधलेले, निळा चांगला ड्रेस, हातात स्वतः भाजलेला तांदळाचा केक. कॅसेट ऐकायला ती सजून आली होती. तिची आई सजली होती तशीच. मी उभा राहिलो आणि वर्गात गृहपाठ न केलेली मुलं सांगतात तसं खाली बघत सगळं सांगितलं. तिनं केक टेबलावर ठेवला. कडेचा टेबलक्लॉथ सरळ केला. मग म्हणाली, "लावा तरी."

पहिली बाजू आम्ही पूर्ण ऐकली. कप्तान, पाद्री, सात नंबरचे बूट. ती मान हलवत होती. मी टेप उलटली. गिटार. पावलांचा चुबुकचुबुक आवाज. मग माझी 'ओ, ओ, ओ' अशी लांबलेली हाक, एक जाड आवाज, आणि शांतता.

आणि नानायचं हसू.

रेमीनं तोंडावर हात ठेवला. ती हसत होती की काय ते मला कळेना. वैजयंती उठून तिच्याशेजारी बसली.

"कॅसेटवर आई कधी हसत नाही," रेमी म्हणाली. "मागच्या कॅसेटवर ती चर्चमध्ये असल्यासारखी बोलली होती. देवाची प्रार्थना कर, स्वेटर घाल, पैसे जपून वापर. मी ती पाठ केली होती. पण ही," तिनं मशीनकडे बोट केलं, "ही आई मी नऊ वर्षांत ऐकली नाही."

"काय म्हणतेय ती?" मी विचारलं. विचारायला नको होतं.

"म्हणतेय, हा रेडा शाळेत गेलेला दिसतो, म्हणून याला चालता येत नाही."

वैजयंतीनं खिडकीकडे तोंड फिरवलं. तिचे खांदे हलत होते.

"आता म्हणतेय, पण हात चांगला आहे. रोप सोडलं नाही." शशिधर तिथे हवा होता, असं मला वाटलं. टेपवर नानाय बोलत राहिली, ओळ हसली, आणि एकदम रेमी पुढे वाकली. तिनं टेप मागे घेतली, पुन्हा ऐकली, पुन्हा मागे घेतली.

"शेजारीण विचारतेय, याला इथे का उभं केलंस, कडेला का नाही. आई म्हणतेय..." ती थांबली. "म्हणतेय, रेमीची जागा रिकामी ठेवून ठेवून माझी ओळ वाकडी झालीय. एक दिवस तरी तिथे तिच्याकडून आलेलं माणूस उभं राहू दे."

 टेपवर मी मोठ्यानं 'एक, दोन, तीन' म्हणत होतो आणि नानाय माझ्यामागून म्हणत होती.

"हे ती मला कधीच बोलली नसती," रेमी म्हणाली. "मशीन समोर ठेवलं की बोलली नसती." मग तिनं केक कापला. पहिला तुकडा मला दिला.

शशिधर म्हणाला तसंच झालं. हॉस्पिटलच्या कँटीनमध्ये टेप वाजली. त्यानंतर वैजयंतीला घ्यायला गेलो की पोर्टरसुद्धा मला 'माइंड द स्टेप' म्हणू लागले. पण मूळ कॅसेट माझ्या हातून पुन्हा काही व्हायच्या आत रेमीनं नेली, आणि वर्गासाठी एक नक्कल दिली.

सप्टेंबरच्या पहिल्या रविवारी मी ती वर्गात लावली. मुलं जमिनीवर लोळली. मंजिरी मात्र विचार करत होती.

"काका, पण तू तर म्हणाला तू आधी केलंय. मग पडला कसा?"

"नव्हतं केलं," मी म्हणालो. "तेव्हा मी खोटं बोललो. आता केलंय."

तिनं मान हलवली, शिक्षक चुकीचं गणित दुरुस्त झाल्यावर हलवतो तशी. मग रेमी उठली. सुट्टी काढून ती त्या दिवशी खास आली होती. तिनं चौदा मुलांना ओळीनं उभं केलं, हातात हिरव्या कागदाच्या पट्ट्या दिल्या, आणि इसा, दालावा, तात्लो, सगळा वर्ग वाकून मागे मागे गेला, तो थेट रेडिएटरपर्यंत.

पुढच्या वर्षी जूनच्या रजेत रेमी घरी गेली. भावानं स्वतःच्या पहिल्या वर्षाच्या पगारातून साठवून तिकीट पाठवलं होतं. तिनं सात नंबरचे बूट नेले. जुलैत आम्हाला तिचं पोस्टकार्ड आलं, पाठीमागे चार ओळी.

'टीचर, लावणी झाली. माझी ओळ अजून सरळ येते. तुम्ही बसला होता तिथे एक खळगा आहे, तो आई बुजवू देत नाही. येणाऱ्याजाणाऱ्याला दाखवते, आणि एक, दोन, तीन म्हणून दाखवते.'